‘ड्रायव्हर वाचला का?’

‘इक्कीस’ या युद्धपटात जो मुलगा दिसतो, तो खऱ्या आयुष्यात आपल्या नगरमधूनच लढाईवर गेला होता. सिनेमा बघून आलो तेव्हा गल्लीतल्या एका निवृत्त दफादार काकांनी एकच प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता सिनेमा पुन्हा पहिल्यापासून आठवावा लागला.

आमच्या केडगावात पहाटे साडेपाचला बायपासच्या बाजूला येऊन बघा. अंधारात मोबाइलच्या टॉर्चचे ठिपके हलताना दिसतील. ती भरतीची पोरं. कुणी पोलीस भरतीवाली, कुणी आर्मीवाली. माझा मावसभाऊ त्यातलाच. वय वीस, एकविसावं लागायला चार महिने बाकी. घरात त्याला सगळे ‘सोळाशे’ म्हणतात, कारण त्याच्या तोंडी दुसरा विषयच नसतो. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले की पैकीच्या पैकी साठ मार्क. त्याला लागतात पाच मिनिटं एकेचाळीस सेकंद. म्हणजे अकरा सेकंद जास्त. हे अकरा सेकंद गेलं वर्षभर आमच्या घरात मुक्कामाला आहेत.

जानेवारीत मावशीचा फोन आला. ‘तो धर्मेंद्रचा शेवटचा पिक्चर लागलाय ना, युद्धाच्या विरोधातला आहे म्हणं. त्याला घेऊन जा की. तुझं तर शिक्षणच त्यातलं.’

मावशी त्याला कधीच ‘भरतीला जाऊ नको’ म्हणत नाही. काका गेल्यापासून ती शिवणकाम करून घर चालवते, त्यामुळे नको म्हणायची सोय नाही. पण तिला तो जायलाही नकोय. मग तिने ते काम एका सिनेमावर सोपवलं. मी मास कॉमला आहे, सिनेमाने समाज बदलतो का या विषयावर मी दहा मार्कांची उत्तरं लिहिली आहेत. एका आईने इतक्या सरळपणे सिनेमाकडून काही मागितलेलं मात्र पहिल्यांदाच बघितलं.

तर आम्ही गेलो. दुपारचा शो, थिएटर अर्धं रिकामं. पुढच्या रांगेत आणखी चार-पाच भरतीवाली पोरं होती, ती हेअरकटवरून लगेच ओळखू येतात.

गोष्ट नगरहून निघते

‘इक्कीस’ १ जानेवारी २०२६ ला आला. दिग्दर्शक श्रीराम राघवन, म्हणजे ‘बदलापूर’ आणि ‘अंधाधुन’वाले, पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकलेले. अमिताभचा नातू अगस्त्य नंदा यात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल झालाय. त्याच्या वडिलांच्या, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल यांच्या भूमिकेत धर्मेंद्र. सिनेमा लागला तेव्हा धर्मेंद्र जाऊन महिना उलटला होता. त्यामुळे ते पडद्यावर आले की थिएटरात आपोआप शांतता व्हायची.

अरुण खेत्रपाल हे नाव आपल्याला परमवीर चक्राच्या यादीत पाठ असतं. पण किती जणांना माहितीये की ते जन्मले पुण्यात, १४ ऑक्टोबर १९५० ला? शिकले खडकवासल्याच्या एनडीएत. जून १९७१ मध्ये त्यांना पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये कमिशन मिळालं. आणि डिसेंबरमध्ये युद्धाला तोंड फुटलं तेव्हा ते होते आपल्या नगरमध्ये, आर्मर्ड कोअरच्या शाळेत यंग ऑफिसर्स कोर्स करत. कोर्स अर्धाच राहिला. नगरहून निघाले, वाटेत दिल्लीला घरी थोडा वेळ थांबले आणि थेट आघाडीवर. सोबत काय नेलं होतं? गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीला घालायचा लष्करी पोशाख. लाहोर जिंकलं की तिथे गोल्फ खेळू, मग डिनर असेलच, असा हिशेब.

हे वाचताना आधी हसू येतं. मग लक्षात येतं की आपण ट्रिपला जाताना बॅग भरतो तशी ही बॅग आहे. वय एकवीस.

१६ डिसेंबर १९७१. शकरगढ भागात बसंतर नदीच्या पलीकडे जरपाल नावाचं गाव. आदल्या रात्री आपल्या सैन्याने नदीपलीकडे पाय रोवला होता. सुरुंगांचा पट्टा इंजिनीअर्सनी अजून पूर्ण साफ केला नव्हता, तरी पूना हॉर्सचे रणगाडे त्यातूनच पुढे गेले. समोर पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन. आपले सेंच्युरियन. खेत्रपाल यांच्या रणगाड्याचं नाव होतं ‘फामागुस्ता’. तो पेटला तेव्हा मागे यायचा हुकूम झाला. माझी तोफ अजून चालते आहे, रणगाडा सोडणार नाही, असं त्यांनी वायरलेसवर सांगितलं. त्यानंतर आणखी एक गोळा आला.

त्याच दिवशी दुपारी तिकडे ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिम आघाडीवरही युद्ध थांबलं. आपण १६ डिसेंबरला विजय दिवस म्हणून स्टेटस ठेवतो. खेत्रपालांच्या घरी मात्र पोरगा आता येईल म्हणून वाट बघणं सुरू होतं. तो गेल्याचं त्यांना कळलं २६ डिसेंबरला. मधले दहा दिवस त्या घराने युद्ध संपल्याच्या आनंदात काढले होते. मला या सगळ्या कथेत ते दहा दिवस सगळ्यात जास्त लागले.

युद्धविरोधी म्हणजे काय रे भाऊ?

आता मावशीने सांगितलेला ‘युद्धाच्या विरोधातला’ हा शब्द घेऊ. फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांचं एक मत सिनेमाच्या वर्गात हमखास सांगितलं जातं. युद्धविरोधी सिनेमा बनवताच येत नाही, कारण पडद्यावर लढाई दिसली की ती थरारकच वाटते. खरंय की. ‘इक्कीस’मध्ये रणगाडे समोरासमोर आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. माझा हातही पॉपकॉर्नमध्ये थांबला होता. बाजूला बघितलं तर सोळाशे सीटच्या कडेवर येऊन बसलेला. मनात म्हटलं, मावशी, तुझा प्लॅन फसला.

पण मग सिनेमा पुढे जातो. खरं तर तो पहिल्यापासूनच दोन काळांत चालतो, १९७१ आणि २००१. एकीकडे पोरगा लढायला निघालाय आणि दुसरीकडे तीस वर्षांनंतर त्याचा म्हातारा बाप पाकिस्तानात चाललाय, आपलं फाळणीआधीचं घर बघायला. हा भाग खरा घडलेला आहे. ब्रिगेडियर खेत्रपाल तेव्हा ८१ वर्षांचे होते. मूळचे सरगोध्याचे. लाहोरमध्ये त्यांचा पाहुणचार केला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. खाणंपिणं, आदरसत्कार, गप्पा, सगळं झालं. शेवटच्या रात्री यजमानांनी सांगितलं की तुमच्या मुलाच्या समोर त्या दिवशी मी होतो. त्याला मारणारा मीच.

विचार करा. ज्याच्या घरी तीन दिवस जेवलो, त्यानेच आपला मुलगा मारलाय. त्या बापाने काय करायचं? ते स्वतः सैनिक, त्यांचे वडीलही सैन्यात होते. समोरच्याने त्याचं काम केलं होतं, हे त्यांना कळत होतं. कळणं आणि सोसणं यांच्यात जे अंतर असतं, ते धर्मेंद्र यांनी जवळजवळ न बोलता दाखवलंय. समोर जयदीप अहलावत आहे, त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या भेटीपासून सांगू की नको हे चाललेलं दिसतं. तीस वर्षं हा माणूस एका एकवीस वर्षांच्या पोराला डोक्यात घेऊन फिरतोय. जिंकला की हरला, त्याचंही ओझं तेवढंच.

सिनेमा परफेक्ट आहे असं माझं म्हणणं नाही. प्रेमकथेचा ट्रॅक मला ओढूनताणून आणल्यासारखा वाटला, आणि काही ठिकाणी संवाद जे सांगतात ते आधीच चेहऱ्यांनी सांगून झालेलं असतं. पण एक गोष्ट या सिनेमाने केली, जी आपल्याकडचे बहुतेक युद्धपट करत नाहीत. तोफ थांबल्यावर तो उठून निघून गेला नाही.

याची परंपरा जुनी आहे. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ तुमच्यापैकी अनेकांनी नेटफ्लिक्सवर बघितला असेल, २०२२ चा, चार ऑस्करवाला. एरिक मारिया रिमार्क यांची ती कादंबरी १९२९ ची, आणि पहिला सिनेमा १९३० चा, लुईस माइलस्टोन यांचा. वर्गातली पोरं मास्तरांचं जोशातलं भाषण ऐकून सैन्यात जातात आणि एकेक करून मरतात. बर्लिनमध्ये तो लागला तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, घाण वासाचे बॉम्ब फोडले, आणि थोड्याच दिवसांत जर्मनीत त्यावर बंदी आली. एका सिनेमाला इतकं का घाबरले? मला वाटतं, त्यातल्या खंदकांना नाही, एका वेगळ्या प्रसंगाला. नायक सुट्टीवर घरी येतो. आई, गाव, तीच शाळा, तेच मास्तर. आणि त्याला तिथे बसवत नाही. गावातल्या लोकांना त्याच्याकडून शौर्याच्या गोष्टी हव्या असतात, त्याच्याकडे त्या नसतात.

गंमत म्हणजे २०२२ च्या सिनेमात हा सुट्टीचा भागच नाही. चिखल आहे, रक्त आहे, कॅमेरा जबरदस्त आहे, पण घर नाही. म्हणून मला जुना, काळापांढरा, जास्त जड वाटला. रिमार्क यांनी पुढे १९३१ मध्ये ‘द रोड बॅक’ नावाची आणखी एक कादंबरी लिहिली. ती पूर्ण परतीचीच. युद्ध संपलंय, पोरं घरी आलीत, आणि आता काय? पहिल्या कादंबरीचं नाव सगळ्यांना माहिती असतं, दुसरीचं कुणाला नसतं. यातच बरंच काही आलं.

काकांचा प्रश्न

संध्याकाळी आम्ही गल्लीत परतलो. कोपऱ्यावर काका उभे होते. आर्मर्ड कोअरमधून दफादार म्हणून निवृत्त झालेले, रणगाड्याचे ड्रायव्हर. आता सुप्याच्या एमआयडीसीत सिक्युरिटीला जातात. त्यांना डाव्या कानाने फारसं ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांच्या घरचा टीव्ही आख्ख्या गल्लीला ऐकू येतो. लहानपणी आम्ही त्याची चेष्टा करायचो. कानाचं कारण तोफ होती, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

‘कुठून आली स्वारी?’

सोळाशेने सगळी स्टोरी सांगितली. खेत्रपाल साहेब, सेंच्युरियन, पॅटन, शेवटचा गोळा. काका उजवा कान पुढे करून ऐकत होते. आणि मग त्यांनी विचारलं,

‘ड्रायव्हर वाचला का?’

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. अडीच तास सिनेमा बघून आलो होतो. नायकाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, रणगाड्याचं नाव, समोरच्या ब्रिगेडियरचं नाव, सगळं सांगता येत होतं. ड्रायव्हर?

मग मोबाइल काढून शोधलं. सेंच्युरियनमध्ये चौघं असतात. कमांडर, गनर, वायरलेस सांभाळत गोळे भरणारा, आणि पुढे ड्रायव्हर. ‘फामागुस्ता’मध्ये खेत्रपाल यांच्यासोबत तीन सवार होते. ड्रायव्हर प्रयाग सिंग, गनर नथू सिंग, वायरलेसवर नंद सिंग. नंद सिंगही त्या दिवशी गेले. प्रयाग सिंग आणि नथू सिंग वाचले.

‘वाचला काका.’

‘चांगलं झालं,’ ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, कुणाला सांगताहेत हे न बघता, ‘ड्रायव्हरचं झाकण येगळं असतं. तोफ नेमकी डोक्यावर येऊन थांबली तर ते उघडत नाही. आम्ही बसल्याबसल्या आधी तेच बघायचो, तोफ कुठं हाय.’

काका प्रत्यक्ष लढाईत कधीच नव्हते. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि सगळं सैन्य सीमेवर गेलं, ते ऑपरेशन पराक्रम. काका तेव्हा राजस्थानात वाळूत, रणगाड्यात. दहा महिने आज होईल, उद्या होईल करत काढले. युद्ध झालं नाही. पण सुरुंग पेरताना, काढताना, अपघातांत शेकडो जवान गेले. त्यांच्यावर सिनेमा निघणार नाही, कारण लढाईच झाली नाही ना. काका त्याबद्दल एवढंच म्हणाले की, तेव्हा थोरली जन्मली आणि तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती बसायला लागली होती.

(हे लिहिताना परत एकदा हिशेब केला. ब्रिगेडियर खेत्रपाल लाहोरला गेले तेही वर्ष २००१ च. त्याच वर्षाच्या शेवटी काका वाळूत.)

आपल्याला जाणं दिसतं, येणं दिसत नाही

नगर हे सैन्याचं गाव आहे. कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगर. इथे आर्मर्ड कोअरचं सेंटर आणि शाळा आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं सेंटर आहे, अग्निवीरांच्या तुकड्या इथून शपथ घेऊन बाहेर पडतात. त्यांचे परेडचे फोटो आपल्या पेपरात येतात, आईवडील पोराच्या टोपीला हात लावताहेत वगैरे. नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतल्या गावांना के. के. रेंज म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सराव असला की धप् धप् आवाज येतो, जनावरं बावरतात, आणि पडलेलं भंगार गोळा करायला गेलेला माणूस स्फोटात गेला अशी बातमीही मधूनच येते. म्हणजे युद्ध नसतानाही त्याची किंमत इथे कुणीतरी भरत असतंच.

पण परत आलेले कुठे दिसतात? एटीएमच्या बाहेर खुर्चीवर, शाळेच्या गेटवर, कंपनीच्या नोंदवहीत गाड्यांचे नंबर लिहिताना. आपण त्यांना ‘मेजर’ म्हणून हाक मारतो आणि पुढे जातो.

आपल्या जिल्ह्यातलंच एक नाव घ्या. नामदेव जाधव, संगमनेरजवळच्या निमजचे. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. ते साधे शिपाई होते, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. नदी ओलांडताना गोळीबारात सगळे पडले. जाधव यांनी दोन जखमींना एकेक करून उचलून खोल पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेलं. मग परत जाऊन मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले. हाताला जखम झाली, बंदूक धरता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब फेकत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतलं युद्ध त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, २ मे ला, संपलं. म्हणजे पुन्हा तेच, शेवटचे काही दिवस. जाधव वाचले, घरी आले, १९८४ पर्यंत जगले. त्या संध्याकाळनंतरची जवळजवळ चाळीस वर्षं. त्यांच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं, त्यात एका संध्याकाळीवर पानं आणि या चाळीस वर्षांवर एक ओळ असते.

‘चंदू चॅम्पियन’ तुम्ही बघितलाच असेल. सांगलीच्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. आयुष्य असं की खोटं वाटावं. पण सिनेमा बघताना मला एक गोष्ट टोचली होती. गोळी म्हणजे जणू मेडलच्या रस्त्यावरचा एक इंटरव्हल. सगळ्यांना मेडल कुठे मिळतं? पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून, मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी. तिथेच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, ती तर पहिल्या महायुद्धातली, १९१७ ला सुरू झालेली, अपंग जवानांना हातात काहीतरी काम देण्यासाठी. पुण्यात शिकायला असलेले आपण त्या रस्त्यावरून शंभरदा जातो. रिमार्क यांच्या त्या दुसऱ्या कादंबरीचा विषय आपल्या लोकल स्टेशनच्या अंतरावर आहे.

आणि आता त्यात अग्निवीरची भर. चार वर्षं सेवा, मग २५ टक्क्यांपर्यंत मुलं कायम, बाकीची सेवा निधीचे सुमारे ११.७१ लाख घेऊन परत. परतीचं वय साधारण पंचवीस. योजना चांगली की वाईट यावर आमच्या घरात रोज भांडण होतं, ते इथे आणत नाही. पण माझ्या भावाच्या बाबतीत ‘नंतर काय’ हा प्रश्न साठाव्या वर्षी नाही, पंचविसाव्या वर्षी येणार आहे. मला ते थिएटरमध्ये नाही, काकांशी बोलताना लक्षात आलं.

रविवारी म्युझियममध्ये

पुढच्या रविवारी सोळाशे स्वतःच म्हणाला, ‘ताई, टँक म्युझियमला जाऊ.’ शाळेच्या सहलीत गेलो होतो तेवढंच. कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ मध्ये सुरू झालं, आशियातलं असं एकमेव मानतात. पन्नासेक चिलखती गाड्या झाडांमध्ये उभ्या आहेत. रोल्स रॉइसच्या मोटारीवर चिलखत चढवलेली गाडी, जपानी रणगाडे, जर्मन चिलखती गाडी, पॅटन, आपला विजयंता. लहान पोरं तोफांना लटकत होती, आया ‘उतर खाली’ म्हणत होत्या, सेल्फी चालले होते. ‘फामागुस्ता’सुद्धा नगरमध्येच, आर्मर्ड कोअरच्या सेंटरमध्ये जपून ठेवलाय. पाकिस्तानच्या हाती लागला होता, नंतर परत मिळाला. म्हणजे जिथून तो एकवीस वर्षांचा मुलगा अर्धा कोर्स सोडून निघाला, तिथेच त्याचा रणगाडा परत आला. मुलगा नाही.

म्युझियममध्ये एक सेंच्युरियन आहे. पन्नास टनांच्या आसपास वजन. सोळाशे बाकी कुठे रेंगाळला नाही, सरळ त्याच्यापुढे गेला. नेहमी तोफेखाली फोटो काढतात तसा काढला नाही. पुढे वाकून, डोळ्यांवर हाताची सावली करून, ड्रायव्हरचं झाकण शोधत होता. उजव्या बाजूला सापडलं. मग तोफेकडे बघितलं, पुन्हा झाकणाकडे. बोटाने अंतर मोजल्यासारखं केलं.

‘काय बघतोस?’

‘काही नाही. बाहेर यायला किती जागा असंल ते.’

फोटो काढून त्याने काकांना पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, व्हॉइस नोट, अर्थातच ओरडून बोललेली. ‘हां, ह्याच्यात उजवीकडं बसतो. आमच्या टी-७२ मध्ये मधोमध होता. तुझी उंची जास्ती हाय, तुला गुडघे लागतील.’

सोळाशे हसला. मग ती व्हॉइस नोट त्याने परत एकदा ऐकली.

रात्री मावशीचा फोन आला. पिक्चरचं विचारायला तिने आठवडा घेतला होता. ‘काय म्हणाला मग तो?’

मी काय सांगणार? सांगितलं की पिक्चर संपल्यावर खूप वेळ गप्प होता. काकांशी बोलला. म्युझियमला गेला. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बायपासवर होता.

‘किती आलं?’

‘पाच छत्तीस.’

पलीकडे शिलाई मशीन बंद झाल्याचा आवाज आला. ‘पाच सेकंद कमी झाले म्हंजी,’ ती म्हणाली, आणि मग, ‘चल, ठेवते. त्याला सकाळी भिजवलेले हरभरे लागतात.’